मागचा बाक

नगरला आमची उपासना सकाळी साडेदहाला सुटते आणि त्या उपासनेवरचा वाद संध्याकाळी सातला कट्ट्यावर सुरू होतो. कट्टा म्हणजे चहाच्या टपरीला लागून असलेली एका बंद दुकानाची पायरी. बसणारे ठरलेले. मास्तर, चर्चच्या कमिटीवर वर्षानुवर्षं. वसईकर, कॅथलिक, बदलीवर आला आणि इथलाच झाला. सिस्टर, म्हणजे नर्स. वसईकर पहिल्या दिवशी तिला नन समजला होता, ते आम्ही त्याला अजून विसरू दिलेलं नाही. माळकरी, ज्याचं गॅरेज समोर आहे आणि ज्याला कुठल्याही धर्मातलं भांडण चालतं. आणि मी, कॉयरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायकवृंदात, टेनर.

या रविवारी विषय आयता मिळाला होता. गाडीवाला नऊ वर्षांनी चर्चमध्ये आला होता. एके काळी तरुण संघाचा सेक्रेटरी, भजनाला ढोलकी तोच धरायचा. मग टेम्पो घेतला, मग धंदा, मग दारू, मग उधारी, मग आणखी काय काय. सगळ्या नगरला माहीत. आज दाराजवळच्या मागच्या बाकावर बसला होता, आणि नेमका महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घ्यायचा विधी.

"आला, आनंद आहे," मास्तर म्हणाले. "पण आल्या आल्या भाकर आणि प्याला? बायबलात पौलानं करिंथकरांना पत्रात काय लिहिलंय? आधी माणसानं स्वतःची परीक्षा करावी. सहा महिने येऊ दे, दिसू दे, मग बघू."

"सहा महिने कुठं लिहिलेत?" सिस्टर.

"लिहिलेले नाहीत. पण काही रीत असते की नाही?"

इथं वसईकर सरसावला. तो वाचणारा माणूस आहे, आणि वाचलेलं पोटात ठेवता येत नाही हा त्याचा दोष. "मास्तर, हा वाद तुमच्या कमिटीच्या आधीचा आहे. इ.स. 250. डेसियस रोमचा सम्राट. फर्मान निघालं की प्रत्येकानं रोमी देवांपुढं यज्ञ करायचा आणि अधिकाऱ्याकडून तसा दाखला घ्यायचा. इजिप्तच्या वाळूत असले चाळीसहून जास्त दाखले सापडलेत, पपायरसवर लिहिलेले. मजकूर ठरलेला: मी देवांना नेहमीच यज्ञ करत आलोय, आताही तुमच्यासमोर केला, कृपया सही करावी."

"नेहमीच!" माळकरी हसला. "तहसीलमधला फॉर्म आहे हा."

"तसंच. कितीतरी ख्रिस्ती लोकांनी भीतीनं यज्ञ केला. काहींनी यज्ञ केला नाही, नुसते पैसे चारून दाखला आणला. छळ ओसरल्यावर सगळे दारात उभे: आम्हाला परत घ्या. रोममध्ये नोवातियन म्हणाला, अजिबात नाही, पडला तो पडला. त्यानं वेगळी चूल मांडली. कार्थेजचा बिशप सिप्रियन मधला. 251 मध्ये सभा भरवून ठरवलं की ज्यानं नुसता दाखला घेतला त्याचं प्रकरण वेगळं तपासा; ज्यानं प्रत्यक्ष यज्ञ केला त्यानं प्रायश्चित्त करत राहावं, मरणाच्या दारात मात्र त्याला नाकारू नये. पुढं पुन्हा छळाची चिन्हं दिसली तेव्हा हाही नियम सैल केला."

"बघा," मास्तर खूश. "मुदत होतीच."

"होती. पण आणखी एक ऐका. छळाच्या काळात सिप्रियन स्वतः लपून बसला होता. त्यावरून त्याच्यावर टीकाही झाली. पुढं 258 मध्ये त्यानं धर्मासाठी शिरच्छेद पत्करला, ते खरं. पण कोणाला किती महिने बाहेर उभं करायचं हे ठरवत होता, तेव्हा त्याच्या नावापुढं ती लपल्याची नोंद होतीच."

मास्तरांनी चहा मागवला. अडचणीत आले की ते चहा मागवतात.

सिस्टर गप्प बसणारी नव्हती. "मला तुमच्या सगळ्यांचं एक कळत नाही. देवाला सोडलं की लगेच व्यभिचार म्हणायचं. बायबलातल्या होशेयाच्या पुस्तकात ती गोमर. नवरा संदेष्टा, बायको बदफैली. मुलांची नावं तरी काय, एक 'दया न पावलेली', दुसरा 'माझे लोक नव्हेत'. शाळेत हजेरीला ही नावं पुकारली असती तर? आणि गोमर अख्ख्या पुस्तकात एक शब्द बोलत नाही. बेइमान म्हणजे बाईच का?"

मी म्हटलं, उपमा आहे ती.

"उपमा बाईची आणि मार खरा."

हे ऐकून मास्तर शांत झाले आणि मग त्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना मानतो. मोबाइलवर बायबल उघडलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि होशेयाचा चौथा अध्याय, चौदावं वचन काढलं. तिथं देव म्हणतो, तुमच्या मुली वाकडं वागल्या म्हणून मी त्यांना शासन करणार नाही, कारण तुम्ही पुरुषच वेश्यांबरोबर एकीकडे जाता. "हे वचन मी चाळीस वर्षांत प्रवचनात ऐकलेलं नाही," मास्तर म्हणाले. "स्वतःही कधी घेतलं नाही."

सिस्टरचं पूर्ण समाधान झालं असं नाही. पण तिनं कप त्यांच्या बाजूला सरकवला.

माळकऱ्याला आता राहवेना. "शब्द आमच्याकडंबी आहे बरं का. अव्यभिचारी भक्ती. गीतेत आहे, माउलींनी त्यावर लिहिलंय. मन दुसरीकडं जाऊ न देणं. पण आमच्यात एक बरं आहे. एखाद्याची वारी चुकली तर पुढच्या आषाढीला जातो. विठोबा हजेरीची वही घेऊन उभा नसतो."

"आमचाही नसतो," मास्तर म्हणाले. "पण पश्चात्ताप दिसला पाहिजे."

"पश्चात्ताप म्हणजे काय, पश्चात् आलेला ताप. गोळी घेतली की उतरतो."

सगळे हसले, मास्तरही. पण त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. त्यांनी सांगितलं की इब्री, म्हणजे हिब्रू, भाषेत जुन्या करारातला शब्द आहे 'शूव'. त्यात ताप नाही, रडणं नाही. वळणं, मागं फिरणं एवढंच. रस्त्यावरच्या माणसाला वापरावा असा साधा शब्द. आणि देवापासून दूर जाण्याला यिर्मया आणि होशेय जो शब्द वापरतात, 'मशूवा', तो त्याच धातूचा. मराठीत हे आपोआप जमतं: पाठ फिरवणं आणि परत फिरणं. दोन्हीत फिरणंच आहे.

सिस्टर म्हणाली, "मग संजीवन सभेतलं ते रडणं कशात बसवायचं? दर वर्षी मांडव, तीन दिवस, शेवटच्या रात्री हाक येते, आणि दर वर्षी तेच लोक रडत पुढं जातात. तेच! मी तोंडं ओळखते."

माझ्या मते त्या संध्याकाळचा खरा मुद्दा इथं आला, म्हणून जरा थांबतो. होशेयाच्या सहाव्या अध्यायात लोक अगदी असंच म्हणतात. चला, परमेश्वराकडे परत जाऊ, त्यानं फाडलंय, तोच बरं करील, दोन दिवसांनी जिवंत करील, तिसऱ्या दिवशी उठवील. ऐकायला इतकं गोड की आपल्याकडं ते सभेच्या बॅनरवर लिहितात. पण पुढचं वचन कोणी लिहीत नाही. देव जवळजवळ कपाळाला हात लावतो: तुमचं मी करू तरी काय? तुमचं प्रेम सकाळच्या ढगासारखं, लवकर उडून जाणाऱ्या दंवासारखं. म्हणजे परत येणाऱ्यांवर त्याचा विश्वास बसत नाही. मग शेवटच्या, चौदाव्या अध्यायात सांगितलंय की येताना शब्द बरोबर घेऊन या. कुठले शब्द, तेही दिलंय. अश्शूर आम्हाला वाचवणार नाही. आम्ही घोड्यांवर बसणार नाही. आमच्या हातांनी घडवलेल्याला आमचा देव म्हणणार नाही. म्हणजे परराष्ट्राशी केलेली दोस्ती, लष्कर, मूर्ती, एकेकाचं नाव घेऊन सोडायचं. "चुकलो, माफ कर" असं घाऊक चालत नाही. इस्राएलच्या त्या राज्यानं यातलं काही सोडलं नाही ते नाहीच; इ.स.पू. 722 च्या सुमारास त्याच अश्शूरनं त्यांची राजधानी शोमरोन घेतली.

आणि आरोप काय होता? त्यांनी परमेश्वराचे सण बंद केले नव्हते. सण, शब्बाथ, बळी, सगळं जोरात चालू होतं. फक्त धान्य, द्राक्षारस, तेल कोणी दिलं असं विचारलं की मनात उत्तर यायचं, बआल देवानं. पाऊस त्याच्या हातात, असं शेजारीपाजारी म्हणत होते ना. हजेरी पूर्ण, आभार दुसऱ्याला. मला विचाराल तर बेइमानी ही अशीच असते. ती चर्चच्या बाहेर क्वचितच होते. बाहेर गेलेल्याला निदान आपण बाहेर आहोत हे कळतं.

हे मी कट्ट्यावर बोललो, बऱ्यापैकी आवेशात. सिस्टरनं दुजोरा दिला, तिच्या पद्धतीनं. तिची पणजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली, त्यामुळं पंडिता रमाबाई तिच्या बोलण्यात घरच्या आजीसारख्या येतात. "बाईंचा बाप्तिस्मा 1883 चा, इंग्लंडात. पुढं त्यांनी स्वतःच लिहिलं की ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता, ख्रिस्त मिळायला आणखी वर्षं गेली. एवढी मोठी बाई असं लिहू शकते. आपल्या बाकांवर कोण लिहील?"

कोणी उत्तर दिलं नाही. मीही नाही. मी घरी एकटा असताना शेवटची प्रार्थना कधी केली ते मला आठवत नाही. चर्चमध्ये मात्र माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो, असं लोक म्हणतात.

तेवढ्यात टेम्पो येऊन टपरीसमोर थांबला. गाडीवालाच. कट्ट्यावर क्षणभर अशी शांतता झाली की चहाच्या भांड्याचा आवाज मोठा वाटला. तो उतरला, मास्तरांना "जय ख्रिस्त, सर" म्हणाला, माळकऱ्याला क्लच प्लेटचं विचारलं, आणि पायरीच्या टोकाला बसला. जागा होती, तरी टोकालाच.

मास्तर सरळ माणूस. पाठीमागं बोललं ते तोंडावर बोलतात. "बाळा, तुझ्याबद्दलच चाललं होतं. तू आलास, बरं वाटलं. पण आज प्रभुभोजन घ्यायला नको होतंस. थोडं थांबायला हवं होतं, असं माझं मत."

"घेतलं नाही मी."

"ताट तुझ्याकडं गेलेलं मी पाहिलं."

"आलं होतं. पुढं दिलं." तो चहा ओतून घेत होता, वर बघत नव्हता. "दोघांचे पैसे द्यायचेत अजून. एकाशी बोलणं झालंय, दुसरा फोन घेत नाही. ते झाल्याबिगर भाकर हातात धरवंना. तुमचे डोळे मिटलेले असतील त्या वेळी, सर. सगळ्यांचेच होते."

माळकऱ्यानं हळूच विचारलं, "किती राहिलेत रे?"

"आहेत," तो म्हणाला. "दिवाळीपर्यंत होतील."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले की त्यांना घरी सोडशील का, गुडघे दुखतात. त्यांचं घर कट्ट्यापासून पाच मिनिटांवर आहे. दोघं टेम्पोत बसून गेले आणि बराच वेळ टेम्पो त्या गल्लीच्या तोंडाशीच उभा दिसत होता, दिवे लावलेला.

वसईकर म्हणाला, "कॉयरला ताट सगळ्यांत आधी देतात ना?"

हो म्हटलं. पहिलं ताट आमच्याकडंच येतं. मी घेतलं होतं.