पाळकाची बदली होत नाही तिथे

लहानपणी आमच्या मिशन कंपाउंडात दर चार-पाच वर्षांनी पाळकगृहासमोर, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या घरासमोर, टेम्पो लागायचा. आधी लोखंडी कपाट चढायचं, मग शिलाई मशीन, कुंड्या, आणि सगळ्यात शेवटी कोंबड्यांचं खुराडं. बायका डोळे पुसत उभ्या. कमिटीतले दोघं-तिघं मात्र बाजूला होऊन नवीन पाळकसाहेब कसे आहेत याची कुजबुज करत. बदली बिशपसाहेबांनी केलेली असायची. आम्हाला कोणी विचारलेलं नसायचं, आणि विचारायला हवं होतं असं आमच्याही मनात कधी आलं नाही.

त्यामुळे असेल, पण लंडनच्या मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकलचा इतिहास मी जरा चवीने वाचते. १६५० च्या सुमाराची ही बॅप्टिस्ट मंडळी, म्हणजे मोठेपणीच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाचं चर्च. वर बिशप नाही, बदलीचा कागद नाही. सभासद मतं देऊन पाळक बोलावतात आणि तो राहील तितकी वर्षं राहतो. जॉन गिल ५१ वर्षं राहिले, त्यांच्यानंतरचे जॉन रिपन ६३ वर्षं! १७२० ते १८३६ या काळात पाळक दोनच, मध्ये जेमतेम दोन वर्षांचा खंड. लोक हे आकडे कौतुकाने सांगतात. मला तेवढं कौतुक वाटत नाही. गिल प्रचंड विद्वान, सबंध पवित्र शास्त्रावर, म्हणजे बायबलवर, भाष्य लिहिलेला माणूस, पण त्यांच्या उतारवयात मंडळी रोडावली होती. अशा माणसाला "आता पुरे" म्हणायचं कोणी?

बरं, निवडणूक म्हणजे सगळं गोडीगुलाबीने होतं असंही नाही. १७१९ मध्ये याच गिलच्या निवडीवरून मंडळी फुटली. वाद कशाचा, तर गिलच्या बाजूने जे बहुमत झालं त्यात बायकांची मतं होती, आणि ती धरायची नाहीत असं विरोधकांचं म्हणणं. इंग्लंडच्या पार्लमेंटसाठी बायकांना मत मिळायला तेव्हा अजून १९९ वर्षं होती, तेही सगळ्यांना नाही. गिलची माणसं काही काळ एका शाळेच्या खोलीत उपासनेला जमली. आपल्याकडे पाळकांची नावं भिंतीवरच्या फळीवर रंगवलेली असतात. त्या शाळेच्या खोलीत बसलेल्या बायकांची नावं कुठल्या फळीवर आहेत?

याच मंडळीचे पुढचे नामांकित उपदेशक चार्ल्स स्पर्जन, त्यांच्याबद्दल मी फार लिहीत नाही, आपल्या पाळकांच्या कपाटात त्यांचं एखादं पुस्तक असतंच. १८५४ मध्ये एकोणीस वर्षांच्या पोराला या मंडळीने बोलावलं आणि सात वर्षांत त्याच्यासाठी पाच-सहा हजार माणसं मावतील एवढी इमारत उभी केली, इतकं पुरे. १८८७ मध्ये शिकवणुकीच्या वादावरून त्यांनी बॅप्टिस्ट युनियन, म्हणजे बॅप्टिस्ट मंडळ्यांचा संघही सोडला. आधीच वर कोणी नव्हतं, आता बाजूलाही कोणी उरलं नाही.

त्याची किंमत १८९२ मध्ये कळली. स्पर्जन वारले तेव्हा पुलपिटवर, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावर, अमेरिकेचे ए. टी. पीअरसन होते. उत्तम वक्ते, पण प्रेस्बिटेरियन, म्हणजे लहान बाळांनाही बाप्तिस्मा देणाऱ्या दुसऱ्या पंथाचे! मोठेपणी पाण्यात बुडवून बाप्तिस्मा झालेला नाही, म्हणजे बॅप्टिस्टांच्या हिशेबाने झालेलाच नाही. दुसरीकडे न्यूझीलंडला पाळक म्हणून सेवा केलेला स्पर्जनचा मुलगा थॉमस. दोन तट पडले. शेवटी १८९४ मध्ये थॉमसला बोलावलं. गादी पोरालाच, हे वाक्य आपल्या तोंडात तयारच असतं, आणि इथेही आडनावाने काम केलं असं माझं स्पष्ट मत आहे. पण मतं पडली, हेही खरं. गंमत म्हणजे १८९६ मध्ये पीअरसननी पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतला.

पुढे १८९८ ला आग, १९४१ ला बॉम्ब. दर्शनी खांब आणि तळघर तेवढं वाचलं. १९५७ ला आधीपेक्षा लहान इमारत झाली. १९५५ मध्ये मंडळी युनियनमध्ये परतली होती, १९७१ मध्ये पुन्हा बाहेर. पीटर मास्टर्स तिथे १९७० मध्ये पाळक झाले. त्याच १९७० मध्ये आपल्याकडे वेगवेगळ्या पंथांची मंडळी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि ब्रिटिश मिशनच्या कितीतरी बॅप्टिस्ट मंडळ्या त्यात आल्या, बिशपसकट!

हे सगळं मी शेजारच्या आजींना सांगितलं. त्यांनी कंपाउंडातले किती टेम्पो पाहिलेत त्याला गणतीच नाही. विचारलं, "आजी, आपल्यालाही मत असतं तर?"

त्या सुपातल्या तांदळातले खडे वेचत होत्या. म्हणाल्या, "मत असतं तर निम्मं कंपाउंड निम्म्याशी बोललं नसतं गं. आता कसं, बिशपसाहेबांवर ढकलून मोकळं होता येतं."

मग थोड्या वेळाने, सूप पाखडता पाखडता, "पण मागच्या खेपेचे साहेब मी जाऊ दिले नसते."