एमआरआयवर डिमेन्शिया दहा वर्षं आधी दिसतो म्हणे!

एक संदेश सध्या सगळीकडे फिरतोय: पन्नाशीनंतर दरवर्षी मेंदूचा एमआरआय काढा, डिमेन्शिया दहा वर्षं आधी दिसतो. ‘मेंदू आकसला’ असं आलं तर अल्झायमर पक्का, नॉर्मल आलं तर निर्धास्त राहा. वर ‘काढायला तोटा काय?’ हेही आहेच.

‘आकसला म्हणजे अल्झायमर.’ वय वाढतं तसा मेंदू आकसतोच. रिपोर्टात ‘एज रिलेटेड अ‍ॅट्रॉफी’ (वयानुसार आकसणं) वाचून घाबरणारे पहिले दोन शब्द सोडूनच देतात. रेडिओलॉजिस्ट खरं लक्ष देतो ते हिप्पोकॅम्पसकडे, म्हणजे कानशिलाच्या आत खोलवर असलेल्या, नव्या आठवणींची नोंद करणाऱ्या भागाकडे. त्याची उंची किती घटली, भोवतीची पोकळी किती रुंदावली हे बघून तो ० ते ४ गुण देतो. सत्तरीच्या आत २ गुण आले तर शंका घ्यायची. पंचाहत्तरीपुढे तेच २ गुण बहुधा वयाला धरूनच मानतात. म्हणजे वय आणि तक्रार माहीत नसेल तर नुसत्या आकड्यावरून काही ठरत नाही.

‘दहा वर्षं आधी दिसतो.’ यात अर्धं तथ्य आहे. अमायलॉइड हे प्रथिन लक्षणांच्या कितीतरी वर्षं आधी साचू लागतं, पण साध्या एमआरआयवर ते दिसत नाही. त्यासाठी वेगळा पेट (PET) स्कॅन लागतो. आणि तो पॉझिटिव्ह आला तरी? २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार, बुद्धी शाबूत असलेल्यांमध्येही पन्नाशीत सुमारे १० टक्के आणि नव्वदीत ४४ टक्के लोकांच्या मेंदूत अमायलॉइड सापडतं. अमेरिकेतल्या ख्रिस्ती जोगिणींवरच्या (नन्सवरच्या) प्रसिद्ध अभ्यासात सिस्टर मेरी १०१ व्या वर्षी वारल्या; चाचण्यांत शेवटपर्यंत तल्लख, मेंदूत मात्र अल्झायमरच्या भरपूर खुणा.

‘नॉर्मल म्हणजे निर्धास्त.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये एमआरआय साफ असू शकतो. ओळखीच्या रस्त्यावर चुकणाऱ्या, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणाऱ्या माणसाला ‘रिपोर्ट चांगलाय’ म्हणून घरी बसवलं, की तपासणीची वेळ निघून जाते.

‘तोटा काय?’ रॉटरडॅममध्ये २००० जणांचे स्कॅन काढले (अभ्यास २००७ चा): ७.२ टक्क्यांमध्ये नकळत झालेले इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेंदूचा भाग मेल्याच्या खुणा), १.८ टक्क्यांमध्ये रक्तवाहिनीचा फुगवटा. यातल्या बऱ्याच गोष्टींवर लगेच काही करायचं नसतं. घोर मात्र जन्माचा लागतो.

स्कॅन निरुपयोगी आहे, असं मुळीच नाही. कवटीखाली साचलेलं रक्त, गाठ, मेंदूतल्या पाण्याचा साठा ही विसरण्याची उपचार होण्याजोगी कारणं त्यातच सापडतात. लेकॅनेमॅबसारखं अमायलॉइड हटवणारं अल्झायमरचं औषध सुरू करण्याआधी आणि नंतरही मेंदूत सूज किंवा रक्तस्राव नाही ना, हे एमआरआयनेच बघतात. पण आधी घरच्यांकडून नीट हकीकत, स्मरणशक्तीची चाचणी, बी-१२ आणि थायरॉइड. मग चिठ्ठीवर ‘सहा महिन्यांत चाल बिघडली, लघवीवर ताबा नाही’ असं लिहून आलं, की रेडिओलॉजिस्टला नेमकं काय शोधायचं ते कळतं. नुसत्या ‘चेकअप’वरून तो काय शोधणार?