मधमाश्यांना डायबेटिस होतो का हो?

कालपासून डोकं तापलंय म्हणून लिहून टाकते. किराणा दुकानात 10 किलो साखर घ्यायला गेले आणि बाहेर पडेपर्यंत अख्ख्या रांगेच्या लेखी मी मधात भेसळ करणारी बाई झाले होते.

पार्श्वभूमी एवढीच की आमच्या गच्चीवर सातेरी, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत आणि या दिवसांत त्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो. बाकी सगळं त्या काकांबद्दल आहे.

कोथरूड, सकाळी साडेआठची वेळ. म्हणजे टेकडीवरून उतरलेली सगळी मंडळी दूध-पोहे-कोथिंबीर घेत गर्दी करून उभी. दुकानदार साखरेची दुसरी पिशवी ओढत सहज म्हणाला, "ताई, घरी कार्य आहे का?" मी म्हणलं, "नाही ओ, मधमाश्यांसाठी." झालं. मागून खणखणीत आवाज आला.

"साखर? मधमाश्यांना?"

वळून बघितलं तर कानटोपी, पांढरेशुभ्र बूट, आणि हातात काठी. काठी टेकायला नव्हती, मुद्दा मांडायला होती.

"मॅडम, साखर म्हणजे पांढरं विष. मी 13 वर्षं साखरेला शिवलेलो नाही. माझा एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, 9 होता. नऊ! आज किती आहे विचारा."

मी विचारलं नाही. दुकानदाराने विचारलं, कारण त्याला रोजच विचारावं लागत असणार. 6.2 आहे. रांगेतल्या दोघांनी "वा वा" केलं. आणि त्या 6.2 च्या जोरावर काकांनी माझ्या माश्या ताब्यात घेतल्या.

"गूळ द्या त्यांना. सेंद्रिय. काळा दिसला पाहिजे."

"काका, गूळ चालत नाही त्यांना."

"का नाही चालत? निसर्गाचंच आहे ना?"

आता मी इथे गप्प बसायला हवं होतं असं आमच्या घरच्यांचं मत आहे, पण मला ते अजिबात मान्य नाही, विचारलंय तर सांगणार. म्हणलं, गुळात साखरेशिवाय जे काही असतं ना, क्षार वगैरे, ते आपल्याला चांगलं असेल पण माशीला पचत नाही, जुलाब होतात.

"जुलाब? माशीला?" काका रांगेकडे वळले. "ऐकलंत का? माशीला जुलाब!" मग परत माझ्याकडे. "कळतात कसे पण?"

आणि मग मी, चाळिशी ओलांडलेली, बऱ्यापैकी शिकलेली बाई, भर किराणा दुकानात समजावून सांगत होते की निरोगी माशी पेटीत घाण करत नाही, बाहेर उडताना करते, पोट बिघडलं की मात्र पेटीच्या तोंडावरच पिवळे-तपकिरी शिंतोडे दिसतात. पुढचे गृहस्थ आम्रखंडाचा डबा घेत होते. त्यांनी तो हळूच परत फ्रीजमध्ये ठेवला.

"हे बघ बाळ," काका म्हणाले. मॅडमची बाळ कधी झाले कळलंच नाही. "तू दिलेली साखर खाऊन माशी मध करणार. मग तो मध झाला का साखर झाली?"

"अहो काका, तो मध काढायचाच नसतो मुळी. हा पाक त्यांच्या पोटासाठी आहे. फुलं आली की पाक बंद, आणि त्यानंतर पेटीवर मधाचा वरचा मजला चढवायचा, आपण काढतो तो मध त्यातला."

"म्हणजे साखर देता हे कबूल?"

"कबूल काय! ही बघा ना समोर, 10 किलो!"

"मग झालं तर," म्हणत काकांनी काठी जमिनीवर आपटली. केस संपली. मागच्या एक काकू लगेच, "म्हणूनच मेला आमच्याकडचा मध थंडीत साखरेसारखा गोठला." आणि सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की ती बाटली मीच भरून दिली होती. अहो, गोठणारच! मधात ग्लुकोज असतं, त्याचे कण धरतात, अस्सल मधाचेही धरतात, कोमट पाण्यात बाटली ठेवा की मोकळा होतो. पण ऐकतंय कोण. तोवर एकाने पाण्याच्या ग्लासात थेंब सोडायची परीक्षा सांगायला घेतली होती आणि दुसऱ्याने कुत्र्याची. कुत्रा म्हणे खरा मध खात नाही. 2020 च्या डिसेंबरात दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) या संस्थेने 13 ब्रँडचा मध तपासला, त्यातले फक्त 3 सगळ्या चाचण्यांत पास झाले. भेसळीचे पाक नेहमीच्या लॅबलाही चकवत होते, शेवटी नमुने जर्मनीला पाठवायला लागले. आणि आमच्या रांगेत शुद्धता ठरवणार कुत्रा.

घरी आल्यावर अर्थातच सगळी उत्तरं सुचली. की बाबांनो, हे मी मनाने करत नाही. गणेशखिंड रस्त्यावर 1962 पासून मधमाश्यांची केंद्रीय संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, तिथे जाऊन विचारा. फुलांचा रस तरी काय असतो? पाणी आणि साखरा, त्यातली बरीचशी हीच, उसाच्या साखरेतली. माशी स्वतःच्या लाळेतल्या पाचकरसाने ती फोडते, फुलातली असो नाहीतर पिशवीतली. आणि आत्ताच का द्यायची तर जांभूळ, करंज फुलतील तेव्हा बाहेर जाऊन रस आणणाऱ्या माश्या हव्यात ना. आज घातलेल्या अंड्यातून कामकरी माशी यायला जवळजवळ तीन आठवडे, मग ती आणखी दोन-तीन आठवडे घरकाम करते, पिल्लांना भरव, पेटी साफ कर, मेण लाव, आणि मग कुठे बाहेरच्या ड्युटीवर. म्हणजे बहर आल्यावर जागं होऊन उपयोग नाही, दीड महिना आधी राणीला अंडी घालायला लावायचं. त्यासाठी एकास एक पातळ पाक, थोडा थोडा, रोज संध्याकाळी. पेटीला वाटतं बाहेर फुलं फुलली, आणि राणी कामाला लागते. सोबत सोयाच्या पिठाची आणि यीस्टची वडी, कारण नुसत्या साखरेवर पिल्लं वाढत नाहीत, परागकण कमी पडले तर प्रोटीनची सोय करावी लागते. पाक दिवसा दिला किंवा बाहेर सांडला तर शेजारच्या पेटीतल्या माश्या लूटमार करायला येतात, मुंग्या तर आहेतच. इतका व्याप. आणि नाही दिलं तर? सातेरी स्वाभिमानी जात आहे, उपाशी ठेवली तर अख्खी वसाहत पेटी सोडून निघून जाते, निरोपसुद्धा देत नाही.

हे सगळं मी रात्री नवऱ्याला ऐकवलं. त्याने "हं" म्हणलं.

खरं सांगू का, राग त्या काकांचा नाहीये फारसा. राग याचा की सगळ्यांना मध अस्सल पाहिजे आणि माशी कोणालाच नको. याच सोसायटीत पाण्याच्या टाकीखाली आग्या माश्यांचं पोळं लागलं तेव्हा कोणी विचारलं नाही त्या काय खातात, थेट पेस्ट कंट्रोलला फोन. एका रात्रीत खेळ खलास, सकाळी खाली मेलेल्या माश्यांचा सडा आणि सफाईवाल्या मावशींची कटकट. आवारातला करंज "कचरा होतो" म्हणून तोडला, तिथे आता पेव्हर ब्लॉक आणि बोन्सायच्या दोन कुंड्या. आणि मग मी साखर विकत आणते तर माझ्यावर आरोप. करंज ठेवला असतात तर 10 ऐवजी 5 किलोत भागलं असतं की!

ग्रुपवर रात्री मेसेज आलाच, नाव न घेता. "काही सभासद गच्चीवर साखरेपासून मध तयार करीत असल्याचे समजते. सर्वांनी आपापल्या आरोग्याची काळजी घ्यावी." खाली नमस्काराचे अकरा हात. एकीने मात्र पर्सनलवर विचारलं, "तुझ्याकडचा मध कितीला?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आज संध्याकाळी पाकाची बादली घेऊन लिफ्टमध्ये शिरले तर आत काका. आमच्याच बिल्डिंगमध्ये पाचव्या मजल्यावर राहतात, हे मला काल माहीत नव्हतं. बादलीकडे बराच वेळ बघत होते. मग जरा मऊ आवाजात म्हणाले,

"मी काल विचार केला. माझ्याकडे स्टीव्हियाची न उघडलेली डबी आहे. ती दिली तर?"

"काका, गोड लागतं पण त्यात कॅलरीच नसतात. उपाशी मरतील हो त्या."

काकांनी मान डोलावली. पाचवा मजला आला, दार उघडलं, ते बाहेर पडले आणि काठी दारात अडकवून म्हणाले,

"पण शुगर तर वाढणार नाही ना?"