होतकरू प्रबुद्ध हुकूमशहांसाठी चार हिताच्या गोष्टी

परवा एका व्याख्यानमालेत अठराव्या शतकातल्या युरोपावरचं व्याख्यान ऐकलं आणि माझी खात्रीच पटली. तुमच्यासारख्या सुशिक्षित, विचारी, अग्रलेख शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या माणसाने आता वेळ न दवडता हुकूमशहा व्हावं. साधा नव्हे, प्रबुद्ध. वक्ते म्हणाले, "फ्रेडरिक, कॅथरीन, जोसेफ! असा एक माणूस मिळाला की शंभर वर्षांचं काम दहा वर्षांत होतं. आपल्यालाही दहा वर्षं असा कुणीतरी हवाय." टाळ्या थांबेनात. शेजारच्या काकांनी तर "अगदी बरोबर बोलला" म्हणत माझ्याच गुडघ्यावर थाप मारली.

मी चिठ्ठी पाठवली. (प्रश्न लेखीच द्यायचे असतात.) प्रश्न एवढाच होता, की या सगळ्यात भूदासांचं, म्हणजे जमिनीला आणि मालकाला बांधलेल्या शेतकऱ्यांचं, काय झालं? अध्यक्षांनी चिठ्ठी वाचली, तिची घडी घातली, खिशात ठेवली आणि 'आपल्या लेखनामागची प्रेरणा कोणती?' ही चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवली.

तेव्हा उत्तर नाही तर नाही, निदान मार्गदर्शन तरी व्हावं म्हणून हा प्रपंच.

सुरुवात पुस्तकाने करा, आणि तेही गादीवर बसायच्या आधी. प्रशिया या जर्मन राज्याचा फ्रेडरिक युवराज होता तेव्हा त्याने, सत्तेसाठी राजाला कपटही चालतं म्हणणाऱ्या मॅकियाव्हेलीचं खंडन करणारा ग्रंथ लिहिला. राजा हा प्रजेचा पहिला सेवक, मोठेपणाच्या हव्यासापायी युद्ध करणं पाप, असं बरंच काही त्यात होतं. फ्रेंच तत्त्वज्ञ व्हॉल्टेअरने हस्तलिखितावरून हात फिरवला आणि 1740 साली हेगमध्ये पुस्तक निघालं. त्याच वर्षीच्या मे अखेरीला बाप वारला, फ्रेडरिक राजा झाला, आणि डिसेंबरात त्याने ऑस्ट्रियाच्या सायलेशियात फौज घुसवली. पुस्तक आधी काढलं म्हणून बरं. सायलेशियानंतर त्याचं एवढं कौतुक झालं नसतं.

गादीवर आल्या आल्या एकदोन चांगली कामंही उरकून घ्यावीत. फ्रेडरिकने पहिल्याच आठवड्यात चौकशीतला छळ जवळपास बंद केला. खरंच केला, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. अशी कामं पुढची चाळीस-पन्नास वर्षं सांगायला पुरतात.

मग एखादा तत्त्वज्ञ पाळा. फ्रान्सच्या चौदाव्या लुईची रीत आता जुनी झाली. त्याने 1682 साली दरबार व्हर्सायला हलवला आणि सकाळी राजाला सदरा कुणी द्यायचा या मानपानात देशभरच्या सरदारांना गुंतवून ठेवलं. त्यात खर्च फार. त्यापेक्षा तत्त्वज्ञ स्वस्त पडतो. व्हॉल्टेअर 1750 साली फ्रेडरिकच्या पॉट्सडॅमच्या दरबारात आला, तेव्हा काम काय होतं? रात्री राजाच्या पंगतीला बसायचं, चुरचुरीत बोलायचं आणि दिवसा राजाच्या फ्रेंच कविता सुधारायच्या. पण राजाच्या अकादमीच्या अध्यक्षाची टर उडवणारी पुस्तिका त्याने लिहिली आणि विचारस्वातंत्र्याच्या या माहेरघरात, 1752 च्या डिसेंबरात, ती बर्लिनच्या चौकात जाहीरपणे जाळली गेली. पुढच्या वर्षी तो निघाला, तर वाटेत फ्रांकफुर्टला प्रशियाच्या माणसांनी त्याला महिनाभर अडकवून ठेवलं. फ्रांकफुर्ट प्रशियाचं नव्हतंच, ते स्वतंत्र शहर. गुन्हा काय, तर राजाच्या कवितांचं पुस्तक याच्या सामानात गेलं होतं. बाकी काहीही करा, पण कविता करणाऱ्या राजाची चाकरी करू नका.

पुस्तकांवर पहारा ठेवणाऱ्या खात्यावर वाचणारा माणूस नेमू नका. 1752 साली फ्रान्समध्ये विश्वकोशावर गदा आली, तेव्हा त्या खात्याचा प्रमुख मालझेर्ब याने स्वतःच विश्वकोशाचा संपादक दिदरो याला सुचवलं, कागद माझ्या घरी आणून ठेवा, तिथे झडती घ्यायला कोण येणार?

आता रशियाच्या कॅथरीनबाईंकडे वळू. या आपल्या आदर्श.

नवऱ्याला 1762 साली पदच्युत करून गादीवर आल्या. नवरा थोड्याच दिवसांत वारला, त्यात काय! 1765 साली दिदरोला मुलीच्या लग्नासाठी पैसे हवे होते, म्हणून त्याने ग्रंथसंग्रह विकायला काढला. बाईंनी तो पंधरा हजार लिव्रना विकत घेतला आणि सांगितलं, पुस्तकं तुझ्याकडेच राहू दे, तू आमचा ग्रंथपाल आणि हा घे वर्षाचा पगार. एकदा पगार थकला, तर पुढच्या पन्नास वर्षांचा एकरकमी धाडला. सगळा युरोप विरघळला. इतक्या पैशांत इतकी प्रसिद्धी आजची कुठलीही एजन्सी मिळवून देणार नाही.

1767 साली त्यांनी नव्या कायदेसंहितेसाठी 'नकाझ' नावाचं सूचनापत्र काढलं. मोंतेस्क्यू आणि बेक्कारिया या विचारवंतांकडून उचललेली पाचशेहून जास्त कलमं, छळ वाईट, कायद्यापुढे सगळे समान. फ्रान्सने त्यावर बंदी घातली, इतकं ते पुरोगामी. मग मॉस्कोत साडेपाचशेच्या वर प्रतिनिधी जमवले. सरदार आले, शहरवाले आले, कोसॅक आले, सरकारी जमिनीवरचे शेतकरीसुद्धा आले. आणि जमल्यावर पहिलं काम कोणतं? बाईंना पदवी कोणती द्यावी याचा खल! (सत्कार आधी, विषय नंतर. ही रीत कुठून आली याचा उगाच शोध घेत होतो.) जमीनदारांच्या भूदासांचा मात्र त्या सभेत एकही प्रतिनिधी नव्हता. आणि अधिवेशन सुरू होऊन महिनाही झाला नसेल, तोच त्याच ऑगस्टात फर्मान निघालं. मालकाविरुद्ध थेट राणीकडे तक्रार करणाऱ्या भूदासाला चाबकाने फोडून काढायचं आणि सैबेरियातल्या नेर्चिन्स्कच्या खाणींत सक्तमजुरीला पाठवायचं. तेच वर्ष, तीच बाई, तीच सही. एका हाताने 'कायद्यापुढे सगळे समान', दुसऱ्या हाताने 'तक्रार केलीस तर सैबेरिया'. संहिता झालीच नाही, तुर्कांशी युद्ध लागलं म्हणून पुढच्याच वर्षी सभा गुंडाळली. फर्मान टिकलं.

1773 साली दिदरो स्वतः पीटर्सबर्गला आला. रोज गप्पा. बोलण्याच्या भरात तो बाईंच्या मांडीवर थापा मारायचा, आमच्या काकांसारखाच. शेवटी बाईंनी मध्ये टेबल ठेवलं, असं त्यांनीच पत्रात लिहिलंय. आणि त्याच हिवाळ्यात उरलच्या बाजूला पुगाचोव्ह नावाच्या बंडखोर कोसॅकच्या मागे हजारो लोक उठले होते. तो त्यांना स्वातंत्र्य देतो म्हणत होता, म्हणून. दालनात टेबलाच्या या बाजूला मानवमुक्ती, त्या बाजूला मानवमुक्ती, आणि बाहेर तोफा निघालेल्या. बाईंनी दिदरोला म्हणे समजावलं, तुम्ही कागदावर लिहिता, कागद सगळं सोसतो. मी बिचारी माणसांच्या कातड्यावर लिहिते. वा! वक्त्यांनी हे वाक्य काय रंगवून म्हटलं! पण कातडं कुणाचं, हे नाही विचारलं. ते कातडं त्या चाबकाखालच्या माणसाचं होतं हो. 1783 मध्ये युक्रेनमध्ये जे शेतकरी अजून जागा बदलू शकत होते, त्यांनाही याच बाईंनी बांधून टाकलं. लाखो शेतकरी मर्जीतल्या लोकांना नजराणा म्हणून वाटले, जमिनीसकट. 1790 साली रादिश्चेव्हने भूदासांची दैना पुस्तकात लिहिली, तर त्याला आधी मृत्युदंड आणि मग दया म्हणून दहा वर्षं सैबेरिया. दिदरोने 'नकाझ'वर लिहिलेले शेरे त्याच्या मरणानंतर त्याच विकत घेतलेल्या ग्रंथसंग्रहातून बाईंच्या हाती आले. राष्ट्राखेरीज खरा सार्वभौम कुणी नाही, असं त्यांत सुरुवातीलाच होतं. बाई म्हणाल्या, बडबड आहे नुसती. पगार तर पन्नास वर्षांचा दिला होता!

भूदासपद रशियात संपलं 1861 साली. 'नकाझ' 1767. शंभर वर्षांचं काम दहा वर्षांत म्हणे. करा वजाबाकी.

पुढची गोष्ट, घाई करा. ऑस्ट्रियाच्या जोसेफने केली. हा माणूस मात्र खरा होता, इतरांसारखा देखावा नाही. 1781 साली धार्मिक सहिष्णुता दिली, बोहेमियातल्या शेतकऱ्याला मालकाच्या बंधनातून सोडवलं. पण लोकांना विचारायचं नाही हे पक्कं. 1784 साली हंगेरीवर सरकारी कामकाजाला जर्मन लादली. त्याच वर्षी लाकूड वाचवायला नव्या शवपेटीचं फर्मान काढलं: तळाला झडप, खटका ओढला की गोणीत शिवलेलं प्रेत खड्ड्यात आणि पेटी पुढच्या मढ्यासाठी मोकळी. हिशेबाने अगदी बरोबर. लोक इतके खवळले की काही महिन्यांत फर्मान मागे. 1790 च्या जानेवारीत, अंथरुणाला खिळलेला असताना, हंगेरीतल्या बहुतेक सुधारणा त्याने स्वतःच्या सहीने रद्द केल्या. पुढच्या महिन्यात गेला.

शेवटची गोष्ट, मरू नका.

हे जमवाच, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. प्रशियातला तत्त्वज्ञ कांट याने 1784 साली फ्रेडरिकची तारीफ केली, हा राजा म्हणतो हवा तेवढा वाद घाला, फक्त आज्ञा पाळा. दोन वर्षांनी फ्रेडरिक गेला, पुतण्या आला, धर्माबद्दल काय बोलायचं याचं फर्मान निघालं, आणि 1794 साली सत्तरीतल्या कांटला समज मिळाली. त्याने लिहून दिलं, आता धर्मावर बोलणार नाही. तेच राज्य, तेच शहर, तोच माणूस.

लांबचं वाटत असेल तर गोव्याचं घ्या. पोर्तुगालचा मंत्री पोंबाल, तोही प्रबुद्धच. त्याने 1774 साली गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारं धर्मन्यायालय, बंद केलं. 1777 मध्ये त्याचा राजा मेला, नवी राणी आली, पोंबाल घरी बसला, आणि 1778 साली इन्क्विझिशन परत सुरू. ते गेलं 1812 ला. चार वर्षांत ज्यांनी मोकळा श्वास घेतला, त्यांनी पुढची चौतीस वर्षं काय करायचं होतं? त्यांना विचारून बंद केलं नव्हतं, विचारून चालू करायचा प्रश्नच नव्हता.

आणि तुम्ही टाळ्या वाजवता! पांढरे केस झाले, मुलं परदेशात शिकली, आणि टाळ्या वाजवता. मनात स्वतःला कुठे बसवता, मला माहीत आहे. पॉट्सडॅमच्या पंगतीत, व्हॉल्टेअरच्या शेजारी. नेर्चिन्स्कच्या खाणीत कुणीच स्वतःला पाहत नाही, तिथे नेहमी दुसरा कुणीतरी असतो. आणि दहा वर्षं हे कुठून काढलंत? फ्रेडरिक शेचाळीस वर्षं बसला, कॅथरीन चौतीस, चौदावा लुई बहात्तर. एकही आपणहून उठला नाही, मेले तेव्हा खुर्ची सुटली. तुम्हाला नको असलेली माणसं हा तुमचा देवमाणूस सरळ करेल, असं वाटतं ना? तुम्ही त्याला नको झालात तर चिठ्ठी कुठे पाठवणार?

लाज वाटायला हवी. मतदानाला जोडून सुट्टी आली की लोणावळ्याला पळता. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला कोरम होत नाही, अर्धा तास तहकूब होऊन तीच सभा सात डोक्यांत उरकते, आणि मग वर्षभर ग्रुपवर 'सेक्रेटरी मनमानी करतो' म्हणून बोंब मारता. तो मनमानी करतो कारण तुम्ही घरी मॅच बघत बसलेले असता.