आकडे दिलेत, पण कुठल्या मेंदूचे?

पुन्हा तेच! मेंदूतल्या एका बिंदूची जागा सांगायची, आणि फाइलमध्ये नुसते तीन आकडे: 62, 48, 71. हे टेम्प्लेटमधले, म्हणजे सगळ्यांचे स्कॅन ज्यावर बसवतात त्या नमुना-मेंदूतले, की स्कॅन केलेल्या माणसाच्या स्वतःच्या स्कॅनमधले? मिलिमीटर की व्हॉक्सेल, म्हणजे स्कॅनमधले छोटे ठोकळे? काही पत्ता नाही. वर ‘स्टँडर्ड स्पेस’ (नमुना-मेंदूची मोजपट्टी) लिहिलं की झालं! अहो, कुठली स्टँडर्ड? टालायराखचा 1988चा अ‍ॅटलास एकाच मेंदूवर बेतलेला आणि एमएनआय152 हे टेम्प्लेट म्हणजे 152 जणांच्या स्कॅनची सरासरी. दोन्हींत काही मिलिमीटरचा फरक पडतो, आणि तेवढ्यात बिंदू शेजारच्या घडीत जाऊन बसतो.

त्याहून डोकं फिरवते ती दिशा. स्कॅन टेम्प्लेटवर बसवताना सॉफ्टवेअर टेम्प्लेटच्या प्रत्येक व्हॉक्सेलपासून मागे स्कॅनमध्ये जातं आणि तिथलं मूल्य उचलून आणतं. म्हणजे स्कॅनमधला बिंदू टेम्प्लेटवर न्यायचा तर नेमकं उलटं रूपांतर लागतं. हे ठळक अक्षरांत का लिहीत नाहीत? त्यात निफ्टी या स्कॅनच्या फाइल-प्रकारात एक्स उजवीकडे आणि वाय पुढे वाढतो, तर अँट्स या स्कॅन जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला बिंदू देताना दोन्हींची चिन्हं उलटावी लागतात. एक्सचं चिन्ह उलटायचं राहिलं की डावीकडचा बिंदू थेट उजव्या अर्धगोलात! एररही येत नाही. आकडे दिसायला अगदी व्यवस्थित.

याच बिंदूंवरून कोणाच्या डोक्यावर चुंबकीय उत्तेजनाची (चुंबकीय झटक्यांनी मेंदू चेतवण्याची) कॉइल कुठे धरायची ते ठरतं. मग टेम्प्लेटचं नाव, एकक आणि अक्षांची दिशा एवढी एक ओळ लिहायला काय जातं?