दगडाबरोबर फुकट

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात मासे मागाहून येतात, आधी येतो दगड. त्याला लाइव्ह रॉक म्हणतात. प्रवाळाच्या या सच्छिद्र सांगाड्यात अमोनिया पचवणारे जिवाणू राहतात आणि पाणी तेच स्वच्छ राखतात, म्हणून हा दगड वजनावर विकला जातो. त्याच्या भोकांत आणखी कोण दडून बसलंय, याचे मात्र वेगळे पैसे पडत नाहीत.

दिवसा सगळं सामसूम. रात्री लाल टॉर्च मारायचा, कारण या मंडळींना लाल उजेड फारसा दिसत नाही. मग कळतं की आपण झोपल्यावर घरात किती वर्दळ असते! काटेरी अळ्या सांडलेलं खाऊन साफसफाई करतात, त्यांना माझी हरकत नाही. फक्त हात लावायचा नाही. बोटात काचेच्या कुसळांसारखे केस घुसतात आणि ते चिकटपट्टीने उपटत बसावं लागतं.

"अहो, नळ गळतोय का?" एका रात्री बायकोने विचारलं. टक्... टक्. नळ नव्हता. टाकीतूनच आवाज येत होता. संशयित दोन. पिस्तूल कोळंबी असेल तर निवांत झोपा. मँटिस श्रिंप, म्हणजे कोळंबीचा ठोसेबाज भाऊबंद असेल तर गोगलगायी मोजा. त्यातल्या मोरपंखी जातीचा ठोसा ताशी ८० किलोमीटरच्या घरात जातो. आमच्या गोगलगायींचे शंख फुटलेले निघाले. मग तो दगड बादलीत, १.०३५ घनतेच्या खारट पाण्यात बुडवला. आरोपी तणतणत बाहेर आला. अंगठ्याएवढा होता, पण माझ्याकडे असा बघत होता की मीच दोन पावलं मागे सरलो.

तरी तो परवडला. खरा छळ आयप्टेशियाचा. काचेसारखं पारदर्शक, तपकिरी झुपक्याचं हे समुद्रफूल शेजारच्या प्रवाळांना डंख मारतं. चिमटा जवळ नेला की सुळकन भोकात. ओढून काढावं, तर पायाचा कण मागे राहतो आणि त्या कणाचं नवं आयप्टेशिया होतं. रक्तबीजाला निदान कालीमाता भेटली होती. मला भेटली इंजेक्शनची सुई. पंप बंद करून, श्वास रोखून, त्याच्या तोंडात चुन्याची पेस्ट सोडायची. जन्मभर लोकांनी मला चुना लावला, आता माझी पाळी आली. काही मेली. उरलेली दगडाच्या मागच्या बाजूला, सुई पोचणार नाही अशा बेचक्यात उगवली.

पेपरमिंट कोळंबी आणली. ती आयप्टेशिया खाते म्हणतात. आमची प्रवाळांच्या तोंडचा घास पळवायची आणि आयप्टेशियाशेजारी मिशा हलवत बसायची.

शेवटी बर्गिया आणली. ही बिनशंखाची समुद्री गोगलगाय आयप्टेशियाशिवाय कशालाच तोंड लावत नाही. हळूहळू दगड स्वच्छ झाला. एकही झुपका उरला नाही. आणि मग लक्षात आलं, आता बाईसाहेब खाणार काय? उपाशी मरू देणं काही बरं नव्हे.

तेव्हा सध्या एका वेगळ्या बरणीत मी आयप्टेशिया वाढवतो. रोज आर्टेमिया नावाच्या इवल्याशा कोळंबीसारख्या जिवाची पिल्लं भरवतो, पाणी बदलतो, खारटपणा १.०२५ वर ठेवतो. एवढं करूनही त्यातलं एक कालपासून मलूल दिसतंय. भूकच नाही त्याला.