हलायचं ते आम्ही

आमच्या आरव्हीतला, म्हणजे चाकांवरच्या घरातला, फ्रिज अ‍ॅब्सॉर्प्शन जातीचा आहे. त्याला कॉम्प्रेसर नाही, मोटर नाही, हलणारा एकही भाग नाही. त्यामुळे हलायचं काम सगळं आमच्याकडे आलंय.

१९२२ साली स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन पोरांच्या डोक्यातून हे निघालं. मागे ज्योत पेटवायची आणि पुढे बर्फ काढायचा! ज्योतीने बॉयलरमधलं अमोनियाचं पाणी उकळतं, अमोनिया वर जाऊन थंड होतो, हायड्रोजनच्या संगतीत त्याची पुन्हा वाफ होते आणि तेव्हा तो आतली उष्णता ओढून घेतो. मग पाण्यात विरघळून उताराने घरी परत. हा परतीचा प्रवास निव्वळ गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर. गाडी तिरकी उभी राहिली की पाणी वाटेतच मुक्काम ठोकतं, बॉयलर कोरडा पडतो, आणि ज्योत मात्र इमानेइतबारे जळतच राहते. नळ्या गंजू नयेत म्हणून घातलेलं सोडियम क्रोमेट त्या तापाने घट्ट होऊन बारीक नळीत बसतं. बसलं की उठत नाही. असं थोडं थोडं साठत एके दिवशी फ्रिजचं कपाट होतं.

गंमत म्हणजे चालत्या गाडीत याला काही होत नाही. हिंदकळून पाणी वाट काढतं. खड्डे चालतात, विश्रांती चालत नाही.

म्हणून मुक्कामी पोचलो की चहाच्या आधी पाणसळ. ती टेबलावर नाही, फ्रीझरच्या तळाशी ठेवायची. बऱ्याच मॉडेलांना डाव्या-उजव्या अंगाला ३ अंश आणि पुढच्या-मागच्या अंगाला ६ अंश एवढीच सूट असते, आणि ही अंगं फ्रिजची, गाडीची नव्हेत. या मुद्द्यावर आमच्या संसारात बरंच काही बोललं गेलंय.

"अहो, अजून जरा पुढे... थांबा! गेला."

"काय गेलं?"

"बुडबुडा."

मग पुन्हा मागे, पुन्हा चाकाखाली ठोकळा. हिरव्या नळीतला तो बुडबुडा रेघेवर अर्धा आत, अर्धा बाहेर असा बसून आमच्याकडे बघत असतो.

शेवटी बॉयलरच्या नळीवर तापमानाचा सेन्सर बसवला. ताप वाढला की तो ज्योत बंद करतो, निवल्यावर परत लावतो. (मागे पंखाही आहे, पण तो उकाड्यासाठी; तिरकेपणाला पंखा काय करणार?) उतारावर जेवायला थांबायचं असेल तर मी सरळ फ्रिजच बंद करतो. दार उघडलं नाही तर तेवढा वेळ गारवा टिकतो. दार न उघडणं हा भाग मात्र अजून कुठल्याही सेन्सरला जमलेला नाही.

परवा शेजारच्या गाडीतले गृहस्थ आमची कवायत बघत उभे होते. "आमचा कॉम्प्रेसरवाला आहे," ते म्हणाले, "कसाही उभा करा." खरं आहे ते. आमचा गॅसवर चालतो, त्यांचा बॅटरीवर. सकाळी ते दुधाची पिशवी घेऊन दारात हजर. रात्रीत बॅटरी उतरली होती.

"जागा आहे का हो थोडी?"

"आहे की," बायको म्हणाली, "पण आधी त्या ठोकळ्यावरून पाय काढा."